रीडिंग मागून भरायला कुठे शिकवतात, मंत्रीमहोदय?

मा. शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

परवा मला मेमो मिळाला. १८ वर्षांच्या नोकरीतला पहिला. हाताखालच्या पोरानं कॉम्प्रेसरच्या लॉगबुकात आठवडाभर प्रेशर लिहिलं: ७.२, ७.१, ७.२, ७.३. प्रेशर मोजायचा गेजच त्या आठवड्यात कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला गेलेला! ऑडिटरनं पकडलं. खाली सही माझी.

पोरगा बिचकलासुद्धा नाही. "सर, सगळी सारखी दिसू नयेत म्हणून पॉइंट मागेपुढे केला." कुठे शिकलास? "प्रॅक्टिकलला."

आता त्याला ओरडू कुठल्या तोंडानं? लंबकाच्या प्रयोगात माझंही गुरुत्वत्वरण ९.८च आलं होतं. अख्ख्या बॅचचं. आधी उत्तर, मग उलटा हिशेब करून २० आंदोलनांचे सेकंद. एकीनं खरंच दोरा बांधून मोजलं, तिचं ९.१ आलं. तिच्या जर्नलवर लाल शाईत 'पुन्हा करा', आमच्यावर 'छान'. त्या दिवशी वर्गातला प्रत्येक जण जे शिकला, ते पगारावर अजून वापरतोय.

शाळा पुस्तकाबाहेर, न सांगता जे शिकवते, त्याला फिलिप जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकानं १९६८मध्येच 'छुपा अभ्यासक्रम' म्हटलं होतं. फाइल आपल्या टेबलावर पोचली नसावी. शाळेची १० वर्षं, वर्षाला २०० दिवस, रोज ६ तास म्हणजे १२,००० तास झाले. बोटांवर मोजलेत, तपासून घ्या. आपल्याकडे माणसं आहेत. एवढे तास शंका विचारली की 'आगाऊ', गप्प बसलं की 'गुणी'. मग ऑफिसात चूक दिसूनही कुणी तोंड उघडत नाही, याचं नवल कसलं?

आपण म्हणाला होतात, परीक्षा बदलू. बदललं काय, तर मूल्यशिक्षणाचा एक तास वाढला आणि तो झाल्याचा फोटो अपलोड करायचा. महिन्याचे फोटो एकाच दुपारी काढतात म्हणे, फळ्यावरची तारीख पुसून. साहेब, हे आमचंच लॉगबुक की! तुमचा विभागही त्यावर डोळे मिटून सही करतो, पण मेमो मात्र मला.

मागणी एकच: प्रामाणिक ९.१ला पूर्ण गुण द्या, आणि ते का आलं हे तोंडी विचारा.

खुलासा शुक्रवारपर्यंत द्यायचाय. 'सदर आकडे शालेय पद्धतीनुसार भरले आहेत' असं लिहिलं तर चालेल का?

आपला,
९.८वाला एक माजी विद्यार्थी