गाठ कशाची, हे आधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लिम्फोमावरचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींच्या कॅन्सरवरचा, लेख वाचून संताप झाला. लेखकाने सगळा दोष कमी प्रतिकारशक्तीवर टाकला आहे. हा कॅन्सर निरोगी शरीरातल्या नेमक्या कोणत्या पेशीपासून सुरू होतो, हा शोध मात्र शास्त्रज्ञांचे कुतूहल म्हणून दोन ओळींत उरकला. पेशी तपासायची गरज नाही, याच समजुतीपायी माझ्या धाकट्या भावाने किती सोसले ते मी घरात पाहिले आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी कणकण, रात्री घामाने बनियन ओले. तालुक्याच्या डॉक्टरांनी गाठ न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे गाठीचा टीबी पुष्कळ, आणि ताप, घाम, वजन उतरणे दोन्हीकडे सारखेच. शंका येण्यात गैर काही नाही. पण तपासणीशिवाय महिनोन् महिने गोळ्या? काखेत गाठी आल्या तरी उत्तर एकच, कोर्स पूर्ण करा. पुढे सुईची तपासणी झाली, तिच्यातून काही ठरेना. होळी उलटल्यावर अख्खी गाठ काढून मुंबईला पाठवली, तेव्हा कुठे निदान झाले: डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा.

यातले ‘बी सेल’ हे शब्द त्या शोधातूनच आले आहेत, संपादक महाशय! बी पेशी या आपल्याच संरक्षक पेशी. जंतूवर नेम अचूक बसावा म्हणून लसिकाग्रंथीत (मानेत, काखेत असणाऱ्या छोट्या संरक्षक गाठींत) त्या स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकांत मुद्दाम बदल घडवतात. त्या धामधुमीत कधी डीएनए तुटतो आणि भलतीकडे जोडला जातो. त्याहीआधी, अस्थिमज्जेत बी पेशी घडताना अँटिबॉडीची जनुके जुळवली जातात, तेव्हाच्या अशा चुकीत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाले, की मरायला हवी ती पेशी मरत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमा या दुसऱ्या प्रकाराची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. आणि हीच अदलाबदल कितीतरी धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडते, त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. एचआयव्ही असलेल्यांना किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना लिम्फोमाचा धोका जास्त, हे खरे. पण म्हणून प्रत्येक रुग्णाला ‘तुझीच ताकद कमी पडली’ असे सुनवायचे? माझा भाऊ पहाटे केळीला पाणी भरायला जाणारा माणूस आहे.

हॉजकिन या डॉक्टरने १८३२ मध्ये वर्णन केलेल्या, त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिम्फोमातल्या मोठ्या पेशी मुळात बी पेशीच आहेत, याचा भक्कम पुरावा १९९४ मध्ये मिळाला. भावाला झालेल्या लिम्फोमाचे मूळ पेशीवरून दोन प्रकार पडतात, हे २००० मध्ये दिसले. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशींवरच्या सीडी २० या खुणेवर काम करते. ती खूण निरोगी बी पेशींवरही असते, म्हणून त्याही काही काळ नाहीशा होतात. पण ज्या मूळ पेशींपासून त्या घडतात त्यांच्यावर ही खूण नसल्याने पुढे नव्या तयार होतात. भावाला आज हेच औषध केमोबरोबर चालू आहे. कुतूहल म्हणून सोडून दिले असते तर ते आले असते का?

माझी विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत ठळक छापा: गाठ आठवड्यांमागून आठवडे उतरत नसेल तर औषध सुरू होण्याआधी तिची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) मागा, आणि लिम्फोमाची शंका असेल तर शक्यतो पूर्ण गाठ काढून तपासा.

आणखी एक. लेखाला लागूनच इम्युनिटी वाढवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे, त्याच अक्षरांत, त्याच चौकटीत. आमच्या गल्लीतल्या काकू सकाळीच तो अंक घेऊन आल्या आणि पेपरात डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून भावाने ते चूर्ण घ्यावे, असा आग्रह धरून बसल्या. केमो चालू असताना विचारल्याशिवाय काहीही पोटात जाऊ द्यायचे नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद आहे. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असे मोठ्या अक्षरांत छापत जा.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)