एकमेकांची वाट पाहा

प्रिय मित्रा,
सप्रेम जय ख्रिस्त.

मंडळीने प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या, तयारीचं काम तुझ्याकडे दिलं हे वाचून मनापासून आनंद झाला. काय काय लागतं ते विचारलंस, ते सांगतोच. पण आधी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11वा अध्याय काढ आणि 17 ते 34 ही वचनं सलग वाच. उपासनेत आपण बहुधा 23 ते 26 एवढंच वाचतो, आणि पत्र लिहिणारा प्रेषित पौल कशासाठी चिडलाय ते राहूनच जातं. करिंथच्या मंडळीत ज्यांच्या घरी भरलेलं होतं ते आधी जेवून मोकळे होत आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. याच उताऱ्यातले ‘अयोग्य प्रकारे’ हे शब्द त्या वागण्याबद्दल आहेत. ‘माझी लायकी नाही’ म्हणून मागच्या बाकावर डोळे पुसत बसून राहणाऱ्या बाईसाठी ते नाहीत. पौलाचा उपायही साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. तयारीतली प्रत्येक गोष्ट या एका वाक्यावर घासून बघ.

भाकर एकच असू दे. आधीच चौकोनी तुकडे करून ठेवलेला बेकरीचा ब्रेड सोयीचा खरा, पण मग पाळकसाहेब मोडणार काय? येशूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली, दिली. यातलं मोडणं लोकांना दिसलंच पाहिजे. ऐंशी माणसांना 200 ग्रॅम कणीक, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल आणि साधारण 100 मिली पाणी पुरतं. घट्ट मळ, अर्धा तास झाकून ठेव, मग पोलीपेक्षा जाड, अर्ध्या सेंटिमीटरची लाट. काट्याने टोचे मार, नाहीतर फुगते आणि मग कुस्करते. मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटं भाज. पूर्ण गार झाल्यावरच सुती कापडात गुंडाळ. गरम असताना गुंडाळली तर वाफ धरून चिवट होते आणि मोडायच्या वेळी ताणली जाते. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी तांदळाची छोटी भाकरी वेगळ्या झाकलेल्या ताटलीत ठेव, आणि ती देणारा माणूसही वेगळा ठेव. गव्हाचे कण लागलेल्या बोटांनी तीच भाकरी दिली तर वेगळी करून उपयोग काय?

द्राक्षरसात लोक जास्त चुकतात. हंगामात काळी द्राक्षं घे. दीड किलोत लिटरभर रस निघतो. तो स्टीलच्या पातेल्यात 80 अंशांपर्यंत तापव, उकळू नकोस, आणि गरम असतानाच उकळून घेतलेल्या बाटलीत भर. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतं, त्यामुळे न तापवलेला रस एक-दोन दिवसांत आंबायला लागतो. 1869 मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी चर्चसाठी न आंबलेला रस बाटलीत टिकवला तो याच युक्तीने. अॅल्युमिनियम किंवा तांब्याचं भांडं वापरू नकोस, आंबटपणाने धातू रसात उतरतो. हंगाम नसेल तर 250 ग्रॅम काळे मनुके धुऊन लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळ, रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेव, सकाळी कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळ. लाल सरबत मात्र कधीच नको. आणि मंडळीत दारू सोडलेला एक जरी भाऊ असेल, तर वाइनचा विषयच काढू नकोस. त्याची वाट पाहणं म्हणजे हेच.

आता प्याला. एकच प्याला की छोटे कप, यावर तुमच्याकडे वाद होणार हे धरून चाल. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा ख्रिस्ती परंपरा मिळून आपली उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्यामुळे कुठे वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकतात, कुठे बाकावर तबक फिरतं, आणि दोन्ही आपलंच आहे. ज्या गावांत चहाची कपबशी जातीवरून वेगळी ठेवली जायची, तिथे एका प्याल्याला ओठ लावणं ही केवढी मोठी साक्ष होती, हे विसरून चालणार नाही. पण द्राक्षरसात मद्यार्क नसतो, आणि नुसत्या रुमालाने कड पुसून आजार थांबत नाहीत. माझं मत असं: कप वेगळे चालतील, भाकर एकच हवी. भाकर रसात बुडवून घेणार असाल तर भाकर घट्ट हवी आणि प्याला अर्धाच भरलेला. बेकरीचा ब्रेड विरघळून तळाशी लगदा होतो आणि काठोकाठ भरलेल्या प्याल्यात बोटं बुडतात.

कप ठेवायची चाळीस खणांची दोन तबकं काढ. कपात 10 मिली, म्हणजे ऐंशी जणांना 800 मिली. लिटरभर तयार ठेव. कप दोन तृतीयांशच भर, म्हाताऱ्या हातांना कंप असतो. शनिवारी रात्री भरून ठेवलेस तर सकाळी मुंग्या सापडतील. उपासनेआधी अर्धा तास, बारीक तोटीच्या भांड्याने भर आणि लगेच झाक.

वेळेचा हिशेब पाळकसाहेबांसमोर मांड. कठड्याशी दहा-दहा जण आले तर आठ पंगती, प्रत्येकीला अडीच मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं. ती आधीच बाजूला काढली नाहीत तर सूचना आणि लांबलेला उपदेश ती खातात, मग आभाराची प्रार्थना गाळून नुसती स्थापनेची वचनं (भोजन नेमून देताना येशू जे बोलला ती) घाईने वाचली जातात. त्या प्रार्थनेत पवित्र आत्म्याला विनवणी असते, ती गाळू नये. सूचना उपासनेच्या आधीच उरकून घ्या. तबक बाकावर फिरवणार असाल तर सर्वांनी हातात धरून थांबावं आणि शेवटच्या माणसाला मिळाल्यावर एकदम खावं. पायऱ्या चढू न शकणाऱ्यांकडे मंडळीच्या वडीलजनांनी आधी जावं, सगळ्यांचं आटोपल्यावर नव्हे. बाप्तिस्मा न झालेल्या पाहुण्यांना आणि लहान मुलांना आशीर्वादासाठी पुढे बोलवा, म्हणजे कुणी अवघडून बसणार नाही.

उरलेली भाकर तिथेच आदराने खाऊन संपवा, रस झाडाच्या मुळाशी ओता, मोरीत नाही. त्याआधी आजाऱ्यांचा वाटा काढून ठेव: झाकणाची छोटी बाटली आणि कापडात भाकरीचा तुकडा. साधारण 155 साली जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की न आलेल्यांकडे डिकन, म्हणजे मंडळीचे सेवक, वाटा घेऊन जात. तुम्हीही त्याच दुपारी जा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

तुमच्या वेदीला कठडा आहे का आणि अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत, ते कळव. त्यावरून पंगतींचा हिशेब पुन्हा मांडून पाठवतो.

तुझाच,
मित्र