चिनूला घेऊन ये

नाशिक,
२ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "चिनूला मळ्यावर आणायची भीती वाटते." ते मनातून जात नाही. गेल्या वर्षी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तिला मधमाशी चावली, दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, तुम्ही दोघं रात्रभर जागलात. त्यात कुणीतरी "पुढच्या वेळी जिवावर बेतेल" असं सांगून ठेवलं.

अरे, चावलेल्या जागेपासून पसरत गेलेली सूज कितीही मोठी दिसली तरी दोन दिवस वाढते आणि ५ ते १० दिवसांत उतरते. हात लाल, गरम होतो, म्हणून पू धरला असं वाटतं. पण बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. अशी सूज आलेल्या १०० जणांत साधारण ५ ते १० जणांनाच पुढे पुन्हा चावल्यावर अंगभर त्रास होतो. चिनूच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेव, पण घरात कोंडू नकोस तिला.

मागच्या आठवड्यात वहिनीच्या बोटाला मधमाशी चावली. ठिबकच्या व्हॉल्वजवळ पाणी गळतं, तिथे माश्या येतातच. शेजारची काकू चुना आणायला धावली. मी बोट धरून पाहिलं: काळा बारीक काटा, त्याच्या टोकाला मोहरीएवढी पिशवी, आणि ती पिशवी अजून हलत होती! माशी गेली तरी विष आत जातच असतं. नखाने खरवडून काढला. नखाने काढ, चिमटीने काढ, फक्त वेळ घालवू नकोस. चुना, लोखंड, कांदा काही उपयोगाचं नाही, विष कातडीच्या खाली गेलेलं असतं. मग साबण लावून अंगठी आणि बांगड्या आधी उतरवल्या, कारण सुजल्यावर त्या कापाव्या लागतात. हात धुतला, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरला. खाजेसाठी डॉक्टरांनी सेटिरिझिन दिलं. चिनूचा डोस मात्र तिच्या वजनावर डॉक्टरच ठरवतील. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तीच पुन्हापुन्हा चावते, म्हणून तिथून आधी लांब जायचं.

आता खरं कशाला भ्यायचं, ते ऐक. शेजारच्या मळ्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला मानेवर गांधीलमाशी चावली आणि दहा मिनिटांत पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. आवाज घोगरा झाला, उलटी झाली, चक्कर आली. चावली मानेला आणि अंग उठलं भलतीकडेच! अंगभर त्रासाची हीच खूण. तेव्हा गोळी देऊन वाट बघायची नाही. आम्ही त्याला आडवा झोपवून पाय उंच केले आणि थेट दवाखान्यात नेला. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचा श्वास मोकळा झाला. काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. गाडी नसेल तर १०८ लाव.

ओढ्यावरच्या वडाला आग्या मोहोळ आहे, तिकडे मुलांना जाऊ देणार नाही. तरी कधी माश्या मागे लागल्याच तर तोंड झाकून पळायचं आणि घरात शिरून दार लावायचं. विहिरीत उडी मारायची नाही, हे चिनूला आधीच सांग.

येताना तिला पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट आण. आईने तिच्यासाठी मनुक्यांची बरणी वेगळी काढून ठेवली आहे.

तुझा,
प्रकाश