शेवाळाच्या मण्यांतला हायड्रोजन

संपादक महोदय,

हरित शेवाळापासून हायड्रोजन मिळवण्याची कृती विज्ञान पुरवणीत ‘घरची वीज’ या मथळ्याखाली वाचली. शेवाळ अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या) मण्यांत बसवा, उजेडात ठेवा, वायू गोळा करा, एवढ्यावर ती संपते. तशी केल्यास बाटलीत बुडबुडे येतील, पण ते ऑक्सिजनचे असतील.

शेवाळ उजेडात हायड्रोजन सोडते, हे गॅफ्रॉन आणि रुबिन यांनी 1942 मध्येच दाखवले होते. अडचण अशी की, हा वायू घडवणारे हायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होते आणि प्रकाशसंश्लेषण तर ऑक्सिजनच सोडत असते. मेलिस आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये यातून वाट काढली: क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हरित शेवाळाचा गंधकाचा पुरवठा तोडायचा. गंधकाविना, प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या आणि उजेडात सतत झिजणाऱ्या डी-1 प्रथिनाची डागडुजी थांबते, ऑक्सिजन श्वसनाला लागतो त्याहून कमी पडतो आणि साधारण एका दिवसात बंद बाटली ऑक्सिजनरहित होते. मग तीन-चार दिवस हायड्रोजन येतो.

मणी उपयोगी पडतात ते इथे. सुट्या पेशींतले गंधक काढायला त्या सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात) पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात. मण्यांवरचे द्रावण नुसते ओतून बदलता येते. मात्र नव्या द्रावणात फक्त मॅग्नेशियम सल्फेटऐवजी (सल्फेट म्हणजे गंधकयुक्त क्षार) मॅग्नेशियम क्लोराइड घालून भागत नाही. सूक्ष्म मूलद्रव्यांच्या मिश्रणातली जस्त, तांबे, लोह यांची सल्फेटेही बदलावी लागतात. पाणी ऊर्ध्वपातितच हवे, कारण नळाच्या पाण्यातही सल्फेट असते.

दुसरी चूक फॉस्फेटची. 2 ते 4 टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये घट्ट केलेले शेवाळ मिसळून ते कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडले की मणी छान बनतात. पण शेवाळ वाढवायच्या नेहमीच्या ट्रिस-ॲसिटेट-फॉस्फेट द्रावणातले फॉस्फेट हळूहळू कॅल्शियम ओढून घेते आणि मणी विरघळतात. फॉस्फेट कमी करावे, थोडे कॅल्शियम घालावे. अल्जिनेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) गरजेपेक्षा जास्त तापवले तर ते पातळ होते, तेही ध्यानात असू द्यावे. मणी जाड असतील तर गाभ्यातल्या पेशी अंधारातच राहतात. म्हणून जाळीवर पसरलेला, मिलिमीटरहून पातळ थर मण्यांपेक्षा बरा.

वायू नेण्यासाठी सिलिकॉनची नळी वापरू नये, तिच्यातून हायड्रोजन सहज निसटतो. काच आणि ब्युटाइल रबराचे बूच वापरावे. द्रावणातल्या ॲसिटेटवर जिवाणू वाढले तर काही प्रकारचे जिवाणू स्वतःच हायड्रोजन सोडतात, म्हणून शेजारी काळ्या कागदात गुंडाळलेली एक बाटली ठेवावी. तिच्यातही उजेडातल्या इतकाच वायू जमला, तर श्रेय शेवाळाचे नव्हे. शिवाय हवेत 4 टक्के हायड्रोजनही पेट घेतो, तेव्हा ज्योत लावून परीक्षा घ्यायची ती परीक्षानळीभर वायूचीच.

राहिला ‘घरची वीज’ हा मथळा. एक लिटर सुट्या पेशींपासून चार दिवसांत साधारण 140 मिलिलिटर हायड्रोजन मिळतो, म्हणजे सुमारे दीड किलोज्यूल ऊर्जा. ती सगळीच्या सगळी विजेत बदलता आली, तरी 5 वॉटचा दिवा पाच मिनिटे जळेल. उजेडासाठी लावलेला दिवा मात्र चारही दिवस चालू असतो.

— एक वाचक