गाडी अंगणात नुसती उभी राहू द्या

पुणे,
आषाढ वद्य पंचमी

ती. नाना आणि ती. आई यांना
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही. नानांना डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही, ते 'हां हां, घे, आईशी बोल' म्हणून फोन पुढे करतात. आणि आई, तू 'जेवलीस का' विचारलंस की माझं पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून कागद. नाना, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. चष्मा बहुतेक सदऱ्याच्या खिशातच असेल, घरभर शोधू नका.

आधी कबुली. आखाजीच्या सणाला मी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले आणि 'गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय' म्हणाले, ते खोटं होतं. गाडी इथे बेसमेंटमध्ये कव्हर घालून ठणठणीत उभी होती. आई, तू अडावदला मामाकडे गाडीनं जायचं मनात धरून जांभळी साडी इस्त्री करून ठेवली होतीस. ती मला झोक्यावर बसल्या बसल्या खिडकीतून दिसली. मग आपण अ‍ॅपेत बसून गेलो. वैशाखाचं ऊन, तुझ्या मांडीवर कोणाचं तरी पोरगं, आणि तू वाटभर पदर तोंडाला लावून धूळ गिळलीस. मी शेजारी बसून गप्प होते.

का असं केलं, ते सांगते. लाज वाटण्यासारखं आहे, पण सांगते.

दिवाळीला आले तेव्हा गाडी घेऊन चारच महिने झाले होते. पुण्याहून निघाल्यापासून माझं लक्ष पुढच्या गाडीपेक्षा पुढच्या खड्ड्यावर होतं. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर मागे पडलं की मला दरवेळी माहेरची हवा लागते. त्या दिवशी मात्र डोक्यात एवढंच आलं, की आता काळी माती सुरू. नाना, तुम्हीच सांगायचात, ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्या पाठीवरचं डांबर सरळ राहील कसं. जळगाव सोडलं, विदगावचा तापीचा पूल ओलांडला. धानोऱ्याच्या अलीकडे केळीच्या ट्रकला वाट द्यायला डावीकडे घेतली आणि चाक साइडपट्टीवर धपकन उतरलं. डांबराच्या कडेचा आणि साइडपट्टीचा टीचभर फरक, पण तो आवाज मला बरगडीत लागला.

घरी आल्यावर तुम्ही गुडघ्यावर हात टेकून वाकलात, टायरच्या कडेवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, 'फुगा आलाय. हायवेला नेऊ नको.' मला तो दिसलाही नव्हता. तुमच्या एसटीचं टायर कसं जाडजूड आणि उंच. माझ्या चाकाला आत भलंमोठं मॅगव्हील आणि वर रबराची पातळ भाकरी. खड्ड्याचा मार जिरवायला जागाच नाही, तो सरळ आतल्या धाग्यांवर जातो. धागा तुटला की तिथं फुगा येतो आणि पंक्चरवालासुद्धा हात जोडतो. दुसऱ्या दिवशी मळ्यात जाताना पाटचारीच्या उंचवट्यावर पोट घासलं. इंजिनाचं ऑइल चेंबर वाचलं, नशीब. गाडीचं पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर, तुमची वीत त्याहून मोठी. त्यात आपण पाच जण आणि कापसाचं एक गाठोडं. घेताना तुम्ही म्हणाला होतात, 'फार खाली आहे गं.' पण मला तिचा आकार आवडला होता.

रस्त्याचं मला पचलं. टायर बदललं, पैसे गेले, विषय संपला.

अंगणात जे झालं ते मात्र अजून पचलेलं नाही.

नाना, तुम्ही पाच रात्री खाट बाहेर गाडीशेजारी टाकलीत. 'आत उकडतं' म्हणालात. दिवाळीत? आपल्याकडे तेव्हा पहाटे एक गोधडी पुरत नाही. उशाशी टॉर्च होता आणि काठी. तुमचं वय ७३. समोरच्या चौकात रात्री कोण बसतं, किती वाजेपर्यंत बसतं, हे तुम्हाला ठाऊक आणि मलाही. गणपतीच्या मिरवणुकीत एका गाडीचा आरसा गेला, तो कोणी तोडला हे गावाला माहीत असून कोणाला माहीत नाही. तेव्हा तुमची काळजी काही अगदीच उगाच नव्हती. पण २५ वर्षं विनाअपघात एसटी चालवल्याचा बिल्ला मिळवलेला माणूस लेकीच्या गाडीची राखण करत थंडीत कुडकुडतोय, हे मी खिडकीतून बघत होते आणि 'आत चला' म्हणायला एकदाही बाहेर आले नाही. कारण मला मनातून बरं वाटत होतं. गाडीजवळ कोणी तरी आहे म्हणून.

हे वाक्य लिहिलं आणि उठून चहा करून आले.

आई, तुझंही तेच. जिजीच्या नातवानं धुळीवर बोटानं स्वतःचं नाव काढलं. चौथीतलं पोरगं, 'ध' सुद्धा छान वळणदार काढला होता. तू त्याला असं काही झापलंस की ते रडत घरी गेलं आणि जिजी दोन दिवस विरजण मागायला आली नाही. एरवी तिच्या वाटीशिवाय तुझी संध्याकाळ होत नाही. तू तरी काय करशील? धुळीवर बोट ओढलं की रंगावर चरे पडतात, हे आल्या आल्या मीच तुला ऐकवलं होतं. ओवाळायला तू ताट घेऊन आलीस तेव्हा मी 'कुंकू बॉनेटवर नको, काचेवर लाव' म्हणाले होते. तू काचेवर लावलंस. मुकाट्यानं.

आता केळ्यांचं.

निघायच्या दिवशी नानांनी पिलबागेतला घड कापून आणला. तू फण्या वेगळ्या केल्यास, मागच्या सीटवर वर्तमानपत्राचे दोन पदर अंथरून नीट रचून ठेवल्यास. घाटात कागद सरकला. नुकत्या तोडलेल्या फणीचा चीक कसा पाझरतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मळ्यात जायचे कपडे घराघरात वेगळे असतात ते त्याचसाठी. अंगावर पडताना पाण्यासारखा, आणि वाळला की काळा, कापड फाटेपर्यंत निघत नाही. आणि माझ्या सीटचा रंग बिस्किटासारखा. पुण्यात पोचल्यावर दिव्याखाली बघितलं, तळहाताएवढे तीन डाग.

मी तुला तेव्हाच फोन लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तू सुखरूप पोचल्याच्या फोनची वाट बघत जागी होतीस. 'पोचले' म्हणायच्या आधी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, इथे पुन्हा लिहीत नाही. तू एवढंच म्हणालीस, 'चुकलं वं माय.'

त्या केळ्यांची आम्ही आठवडाभर शिकरण खाल्ली. शेजारी दिली, ऑफिसात नेली. सगळ्यांनी विचारलं, कुठली एवढी गोड. हे मी तुला कळवलंच नाही.

तेव्हापासून गाडी घरी आणायची माझी हिंमत होत नव्हती. चरे पडतील ही भीती होतीच, खोटं का बोलू. पण त्याहून जास्त भीती माझीच होती. मी तिथं आले की पुन्हा तशीच वागेन, तुम्ही पुन्हा राखणीला बसाल.

नाना, तुम्ही विचारलं होतं, 'विमा आहे ना, मग जीव कशाला टांगणीला?' मागच्याच आठवड्यात नूतनीकरण केलं, म्हणून ताजं आहे, सांगते. झिरो डेप घेतलंय. म्हणजे अपघातात प्लॅस्टिक-रबराचे भाग बदलले तर त्यांची निम्मी किंमत एरवी कापतात, ती कापणार नाहीत. पण दर क्लेमला पहिले १,००० रुपये आपल्या खिशातून, माझी गाडी १५०० सीसीच्या आतली म्हणून. मोठ्या इंजिनाला २,०००. आणि वर्षभर क्लेम केला नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती चढत चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. मध्ये एक क्लेम केला की पुन्हा शून्यापासून. म्हणून दाराला चरा पडला की लोक क्लेम करत नाहीत, नुसते त्या चऱ्याकडे बघत बसतात. माझी यंदाची २० टक्के सूट अशीच बघत बसून मिळालेली आहे. केळीच्या चिकाला विम्यात जागा नाही. तो काही अपघात नव्हे.

पुढचं पान नाना, आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

तुम्ही रोज सकाळी माझ्या आधी उठून जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी पुसत होतात. कोरडी. फडकं मऊ होतं, पण आपली धूळ मऊ नसते, ती बारीक वाळूच असते. ती फडक्यात धरून रंगावर फिरवली की घासकामच होतं. एसटीच्या जाड रंगाला त्याचं काही वाटलं नसेल. या गाड्यांच्या रंगावरचा चकाकीचा थर कागदासारखा पातळ, आणि माझा रंग गडद निळा, त्यावर सगळं उठून दिसतं. उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. पॉलिशवाल्यानं बघितलं आणि विचारलं, 'मॅडम, रोज कोण पुसतं?' मी म्हणाले, 'वॉचमन.'

हे दुसरं खोटं. आखाजीचं कबूल करायला सोपं गेलं, याला तीन महिने लागले.

पॉलिश केलं नाही. त्यानं दर सांगितला म्हणून नव्हे, तो परवडला असता.

असो. कानबाईच्या सणाला येतेय. नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचेन. गाडी घेऊन. खाट आत राहू द्या, ही एकच अट. गाडी निंबाखाली नको, पाखरांची घाण उन्हात रंग खाते. कडब्याच्या गंजीजवळही नको, तिथल्या उंदरांना वायरी आवडतात. खळ्याच्या मोकळ्या जागेत लावू. पुसायचीच असेल तर आधी दोन बादल्या पाणी ओतून धूळ खाली जाऊ द्यायची, मग फडकं. जिजीच्या नातवाला पाणी ओतायला बोलवा. तो येणार नाही बहुतेक, रुसलेला असेल. मी जाऊन आणीन.

माझी भीती गेलीय असं समजू नका. चौकातल्या एखाद्यानं मोटारसायकल घासून नेली तर मी दोन दिवस तोंड पाडून बसेन. बसू द्या. समजूत काढायला येऊ नका, आणि काठी तर अजिबात काढू नका.

आई, फण्या द्यायच्याच. आदल्या रात्री तोडून देठ खाली करून ठेव, म्हणजे चीक गळून जाईल. डिकीत ताडपत्री घातली आहे. सीटवरचे डाग तसेच आहेत, बघून डोळ्यात पाणी आणायचं नाही. त्यावर मी आता ऑफिसची बॅग ठेवते. आणि कुंकू या वेळी बॉनेटवर लाव.

जांभळी साडीच काढून ठेव. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर पोचवून झाली की जेवून अडावद. मामाकडे चहा, आणि तिथून उनपदेवला. नानांचे गुडघे त्या गरम पाण्यात तासभर तरी बुडवून ठेवायचे आहेत. रस्ता कसा झालाय ते मी मुद्दामच कोणाला विचारलेलं नाही.

नाना, स्टेपनी नवी आहे, पण कंपनीचा जॅक ओल्या काळ्या मातीत रुततो. तुमच्या पेटीतला तो सागवानी ठोकळा काढून ठेवा.

तुमची,
बेबी