रिकामी खुर्ची

संपादक महोदय,

सर्वधर्म मेळाव्यांत सगळे एका सुरात बोलतात, त्याचा आता कंटाळा येतो. ब्रिटनमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे बघा. इतर चर्चेसशी आणि धर्मांशी संबंध ठेवायला त्यांची स्वतंत्र समिती आहे. निर्णय मतदानाने नाही, शांत बसून एकमताच्या शोधात होतात. येशूला देव व तारणहार मानण्याची अट असलेल्या जागतिक चर्च परिषदेत ते गेले नाहीत. ‘चर्चेस टुगेदर इन इंग्लंड’ या तिथल्या चर्चेसच्या संघटनेत मात्र लेखी श्रद्धापत्र नसलेल्या पंथांसाठी खास कलम आहे, त्या दारातून ते आत आले. तिथेच २०१९ मध्ये, संघटनेच्या एका अध्यक्षपदासाठी नेमलेल्या क्वेकर महिलेला, तिच्या समलिंगी विवाहामुळे, पद स्वीकारू नका असे सांगितले गेले. खुर्ची रिकामी राहिली. क्वेकरांनी संघटना मात्र सोडली नाही. आपल्याकडे एव्हाना दोन फुटीर गट निघाले असते!

– एक वाचक, पुणे