मेट्रनबाई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांबद्दल आभार

आदरणीय मेट्रनबाई,

प्रभूमध्ये सलाम.

नाव छापायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून अर्धी मिरज ज्या नावाने तुम्हाला हाक मारते तेच लिहिते. पत्र उघड लिहितेय, कारण आपल्या सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात आमच्यासारखी चार-पाच घरं मिळून नवी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करणारे आणखीही आहेत. तुम्ही आम्हाला जे विचारलंत ते त्यांनाही कुणीतरी विचारावं.

तुम्ही कुपवाडला आलात तेव्हा आमचा कागद तयार होता. एका प्रशिक्षणात मिळालेल्या नमुन्याप्रमाणे मंडळीच्या ‘कोअर व्हॅल्यूज’, म्हणजे मूळ मूल्यं, काढल्या होत्या: प्रार्थना, वचन, प्रेम, समानता, सेवा, उत्कृष्टता. तुम्ही चष्मा पुसून तो वाचलात आणि म्हणालात, “ह्याला नाही म्हणणारं कोण आहे इथं? मग लिहायचं कशाला?” ‘उत्कृष्टता’ तर पेनाने खोडूनच टाकलीत. आमच्या तरुणांचा तो आवडता शब्द होता, त्यांना अजून थोडं लागलेलं आहे.

मग तुमचा पहिला प्रश्न. आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली, पुढे त्याच्या गोळ्यांचं काय?

कुणीच बोललं नाही. विश्वास असेल तर औषध कशाला, हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या सभेत ऐकलेलं. तुम्ही वॉर्डातली उदाहरणं सांगितलीत. प्रार्थनासभेहून घरी जाऊन इन्सुलिन बंद केलेले, आणि मग बेशुद्ध होऊन स्ट्रेचरवर आलेले. तुमचा आवाज चढला तो तेवढ्या एकाच वेळी. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं इस्पितळ उभं केलं, त्यांच्या नावाच्या वॉनलेसवाडीवरून आपण रोज ये-जा करतो, आणि त्याच गावात ख्रिस्ती माणसाने औषधाचं आणि विश्वासाचं भांडण लावायचं? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं आहे, वैद्याला हाकलून द्या असं कुठे आहे, असं तुम्ही आमच्या पाळकांनाच विचारलंत. ते हसले. पण वहीत पहिली ओळ त्यांनीच लिहिली:

‘आम्ही आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करू. औषध थांबवा असं या मंडळीत कुणीही कुणाला सांगणार नाही. बरं झाल्याची साक्ष देणारा आपलं औषध चालू आहे की बंद, तेही सांगेल.’

एका पाहुण्या उपदेशकांनी ही ओळ वाचून आमच्याकडची सभा रद्द केली. मांडवाचा खर्च वाचला.

पैशांचं तुम्ही झटक्यात उरकलंत. अर्पण मोजायला एका घरातले दोघे बसणार नाहीत, आकडा त्याच दिवशी फळ्यावर लागेल. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होईल आणि ऑडिट दर वर्षी होईल. परदेशातून कुणी कितीही प्रेमाने देऊ केलं तरी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसताना एक रुपयाही घ्यायचा नाही. पाळकांना अर्पणातून झेपेल तेवढंच मानधन, बाकी ते एमआयडीसीतली पाळी करतातच. साताऱ्याकडे काम करणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार आपणच सांभाळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण अजून पाहुण्यांच्या पाकिटाकडे बघतो, हे मात्र माझं मत, तुमच्यावर ढकलत नाही.

खरी बैठक रंगली ती ‘समानता’वर. “उपासनेनंतर कप कोण धुतं?” या प्रश्नाला सगळ्या बायका एकदम हसल्या आणि पुरुष छताकडे बघायला लागले. त्यावर पाळी लावून झाली. मी निःश्वास टाकतेय तोवर तुम्ही पुढचं विचारलंत. “आणि सोयरीक जुळवताना?”

जुन्या मिशनच्या घरांतली माणसं, जत भागातून कामाला आलेली माणसं, आणि नुकतीच विश्वासात आलेली, असे तिन्ही आमच्यात आहेत. प्रभुभोजनाला सगळे एका भाकरीचे. स्थळ बघायची वेळ आली की मात्र ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न हळूच पुढे सरकतो, आणि त्याचा अर्थ गाव नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचे एक वडीलधारे कळवळून म्हणाले, “बाई, हे बोलायचं कशाला, देव बघतोय की.” तुम्ही म्हणालात, “देव बघतोय ओ, पण मध्यस्थ तुम्ही असता.” त्या दिवशी दोन घरं चहा न घेता गेली. त्यातलं एक परत आलं, एक आलं नाही. ओळ ठेवली: ‘मंडळीचे पंच (कारभार बघणारे वडील) सोयरीक जुळवताना जात विचारणार नाहीत, आणि जात विचारली जाते तिथे मध्यस्थी करणार नाहीत.’

सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणं, ही तक्रारही याकोबाच्याच पत्रातली. पहिल्याच पिढीच्या मंडळीत ही भानगड होती, हे त्या दिवशी वाचून जरा धीर आला.

बाप्तिस्मा न घेतलेल्यांचं काय, यावर नारायण वामन टिळकांची आठवण तुम्हीच काढलीत. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची कल्पना होती. आम्ही तेवढं लांब गेलो नाही. मतदान आणि प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच ठेवलं. पण भजनाला, जेवणाला आणि प्रश्न विचारायला दार सताड उघडं, आणि बाप्तिस्म्यासाठी कुणाच्या मागे लागायचं नाही, हे लिहून ठेवलं.

शेवटी तुम्ही आम्हाला २०१९ च्या महापुराकडे नेलंत, आणि त्याबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आम्ही, तेव्हा मंडळी नव्हे तर नुसते शेजारी, शाळेत आलेल्या पूरग्रस्तांसाठी भात-आमटी शिजवत होतो. कोण कुठल्या धर्माचं ते विचारलं नव्हतं आणि पत्रकंही वाटली नव्हती. “हे तुम्ही आधीच करून बसलाय, मग कागदावर का नाही?” असं तुम्ही म्हणालात. ‘मदतीच्या रांगेत धर्मप्रसार करायचा नाही’ ही ओळ त्यातून आली. ती लिहिताना एकाचाही विरोध झाला नाही.

एक मुद्दा अजून कोराच आहे: बायका पंच होऊ शकतात का. मतं निम्मी-निम्मी पडली आणि पाळकांनी निर्णय पुढच्या सर्वसाधारण सभेवर टाकला. सभा पावसाळ्याच्या आत घ्यायचा विचार आहे. तुम्ही आमच्या सभासद नाही, त्यामुळे तुम्हाला मत नाही. प्रश्न विचारायला मात्र यायचंय. कुपवाडच्या नाक्यावर गाडी घेऊन कुणीतरी उभं राहील, वडापने येऊ नका.

तुमची,
मंडळीची सचिव
कुपवाड, जि. सांगली